आबांना विचारणे

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. १४ नोव्हेंबर १९५२

चि. कालिंदीस,

आशीर्वाद नेहमीचेच. रागावलो म्हणून त्यात काटछाट करत नाही, पण वाढवूनही देत नाही.

हे पत्र समेटाचं नाही, ते आधीच सांगतो. तू पुण्याला मामाकडे जाऊन बसलीस, तिथल्या कॉलेजात नाव घातलंस, त्याला दोन महिने झाले. जाताना मला विचारलं नाहीस, म्हणून मीही विचारणार नाही की तिथं जेवणखाण बरं आहे का. ते तुझी माई विचारतेच. सयाजीरावांना मी त्यांच्या मुलासाठी शब्द दिला आहे आणि तो पाडव्यापर्यंत जागेवर आहे. गुळाच्या बाजारात रुमालाखाली हात दिला की संपलं. त्याला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. तीस वर्षं अडत चालवतोय, माझा एक शब्द फिरला नाही. तुझ्यासाठीही फिरणार नाही. विषय बंद.

लिहायचं कारण वेगळं आहे. दिवाळीच्या साफसफाईत माईनं तुझी कॉलेजची वही रद्दीत काढली. रद्दीवाला दारात तराजू धरून उभा होता, मी सहज उघडली. 'अर्थशास्त्राची मूलतत्त्वे.' अक्षर स्वच्छ, तुझंच. पण समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'आबांना विचारणे.' मी तिथंच पायरीवर बसून सगळी पानं चाळली. रद्दीवाला कंटाळून निघून गेला.

एवढं सगळं विचारायचं होतं, आणि विचारलं एकही नाहीस. की विचारलंस, आणि मी गिऱ्हाईक समोर आहे म्हणून हात झटकले? मला आठवत नाही. आठवत नाही त्या अर्थी झटकलेच असणार.

माझ्या नावावर कुणाचा प्रश्न पडून राहावा हे मला खपत नाही. तेव्हा एकेकाचं उत्तर देणार आहे. तू वाच, नाहीतर चुलीत घाल.

पान पाच. 'पुरवठा वाढला की भाव उतरतो.' समासात: 'आबांना विचारणे: पौषात गूळ बाजारात मावत नाही, भाव पडतो. मग शेतकरी थांबत का नाहीत?'

उत्तर असं. उभा ऊस थोडा थांबतो, तोडलेला ऊस थांबत नाही. गुऱ्हाळ एकदा पेटलं की ते रोज ऊस मागतं. गूळ झाला की त्याला कोरडी जागा लागते, नाहीतर वळवाच्या पावसातच तो पाझरायला लागतो. आपल्याकडे गूळ घालणाऱ्या आकारामच्या घरात माणसांनाच कोरडी जागा नाही, तो गूळ कुठं ठेवणार? कोरडं गोदाम माझ्याकडे आहे. म्हणजे थांबणं हीसुद्धा एक वस्तूच झाली म्हणायची, आणि ती सगळ्यांच्या घरी नसते. हे तुझ्या पुस्तकात आहे का? असेल तर पान कळव.

आबा

ता. ९ डिसेंबर १९५२

चि. कालिंदीस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मी वाटही पाहत नव्हतो. टपालवाला दुकानावरून जातो तेव्हा माझं लक्ष तिकडे जातं, इतकंच.

पान अकरा. 'एकच वस्तू पुन्हा पुन्हा मिळाली की दर वेळी तिची गोडी कमी होत जाते. पहिल्या पेल्याची गोडी पाचव्याला नसते.' समासात: 'आबांना विचारणे: पैलवानालासुद्धा?'

हा प्रश्न तू थट्टेनं लिहिला असशील, पण मला तो चैन पडू देईना. तालमीतला गुंडू तुला ठाऊक आहे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहतो तो, दारातून आत येताना ज्याला तिरकं व्हावं लागतं. काल संध्याकाळी त्याला घेऊन गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या होत्या, पिळून द्यायचं काम चाललं होतं. गुंडूला म्हटलं, "पी. पैसे माझे. फक्त दर पेल्याला सांगायचं, गोडी किती लागली ते."

त्याला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं. पण फुकटचं दूध कोण सोडतो?

पहिला पेला त्यानं एका दमात संपवला. "झ्याक!" दुसऱ्याला म्हणाला, "चांगलं हाय." तिसऱ्याला नुसती मान हलवली. चौथा तोंडाला लावला आणि अर्ध्यात थांबला. "आबा, बास वाटतंय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुस्तकातलं वाक्य माझ्यासमोर मिशीला फेस लावून उभं होतं. तेवढ्यात गर्दीतून दुसऱ्या तालमीचा कुणीतरी ओरडला, "एवढ्यातच हाय व्हय रं?"

झालं. गुंडूनं चौथा संपवला आणि त्यावर सात प्याला. एकूण अकरा.

मी विचारलं, "खरं सांग, सगळ्यात गोड कुठला?"

"पैला तहानंचा हुता, आबा. चवथा तुमच्या आग्रहाचा. म्होरलं समदं तालमीच्या अब्रूचं. शेवटचा लई ग्वाड लागला की!"

घरी येईपर्यंत मी याचाच विचार करत होतो. पुस्तक चुकलं असं मी म्हणत नाही. चौथ्यापर्यंत ते बरोबरच होतं. पण पाचव्यापासून गुंडू दूध पीतच नव्हता, पेल्यात दूध असलं तरी. माणूस नेमकं काय घेतोय ते शेजारी उभं राहूनही कळत नाही. तुमचे प्रोफेसर याला काय म्हणतात?

माईला हे सांगितलं तर म्हणाली, "पैलवानाला पेल्यापेल्याला विचारता, कसं वाटतंय. पोटच्या पोरीला एका पत्रात विचारवत नाही." तिचं वाक्य तिच्या नावानं कळवतोय. माझा प्रश्न दुधापुरताच आहे.

आबा

ता. २० जानेवारी १९५३

चि. कालिंदी,

पान एकोणीस. 'बाजार म्हणजे अशी व्यवस्था की जिथे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही चालू भाव माहीत असतो.' समासात: 'आबांना विचारणे.' आणि त्यापुढं काहीच नाही. पेन्सिल तिथंच थांबली आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. हे लिहिणाऱ्यानं आमच्या पेठेत एक दिवस येऊन बसावं. इथं झाकली मूठ सव्वा लाखाची हे नुसतं म्हणायला नाही, त्यावर धंदा चालतो. खरेदीदार रुमाल टाकतो, मी खाली हात घालतो, तो बोटं धरतो, मी धरतो, आणि भाव ठरतो. शेजारच्याला कळत नाही, थप्पीपाशी उभ्या शेतकऱ्यालाही कळत नाही. आम्ही सांगतो तेव्हा त्याला कळतं.

मागच्या आठवड्यात बयाबाई आली, पन्हाळ्याच्या पायथ्याची. नवरा अंथरुणाला, म्हणून यंदा पहिल्यांदा तीच गाडीबरोबर. तिच्या गुळाच्या रव्यांची थप्पी लागली, ढेप न् ढेप सारखी. रंग असा की उन्हात धरावा. तिच्या निम्म्या मालाचा भाव मी रुमालाखाली ठरवला आणि तिला सांगितला.

"कुठला भाव?"

"तुझ्या गुळाचा."

"मी हितंच हुबी हाय. कुणी काय बोललेलं मला ऐकू आलं न्हाय."

"बोलायचं नसतं बाई. बोटांनी ठरतं."

"मग वर रुमाल कशाला? बोटांस्नी लाज वाटती व्हय?"

हमाल हसले. तोलाईवाला पिराजी तराजूच्या मागं तोंड लपवून हसला. मला राग आला, पण मी तिला नीट समजावलं. खरेदीदाराला आपला आकडा दुसऱ्याला दाखवायचा नसतो. झाकलेलं असलं की जो तो मोकळेपणानं चढतो. यात तुझाच फायदा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समदं खरं असंल. पर गूळ माझा, आन् भाव मलाच दिसंना, ह्ये कसं?"

कालिंदी, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा पडला होता.

पहिल्यांदा कधी, ते तुला माहीत आहे. भाद्रपदातली ती दुपार. हंगाम नाही, दुकान रिकामं. सयाजीराव आणि मी गादीवर, मध्ये रुमाल. तू डबा घेऊन आलीस, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आबा, समोर गुळाचा एकही रवा नाही. मग भाव कशाचा चाललाय?" मी म्हणालो, "डबा ठेव आणि घरी जा." तू डबा ठेवलास. रात्री माईला एवढंच म्हणालीस की हे लग्न मला नको, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस. मी पेठेत सांगितलं की पोरगी शिकायला गेली.

असो. बयाबाईचं पुढं ऐक. माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, गुंडूवर प्रयोग केला तसा इथंही करू. माल एकाच काहिलीतला, रंग एक. निम्मा रुमालाखाली गेलाच होता. उरलेल्या निम्म्याची मी उघड बोली लावली. भर दुकानात, तोंडानं! शेजारचे अडते पायरीवर येऊन बघत होते, जसा काही मी कपडे काढून नाचतोय. खरेदीदार आधी लाजले, मग बोलले, मग एकमेकांकडे बघून थांबले. मणामागं चार आणे कमी आले.

मला बरंच वाटलं. रुमाल जिंकला! बयाबाईला म्हटलं, "बघ, सांगत नव्हतो?"

ती म्हणाली, "म्होरल्या खेपंला समदाच उघडा लावा."

"अगं, कमी आलाय भाव!"

"आला तर आला. कोण किती म्हणला, कोण कुठं थांबला, ह्ये मी माझ्या कानानं ऐकलं. घरात मालक इचारतील, त्यास्नी सांगायला माझ्याकडं कायतरी हाय. त्या दुसऱ्या थप्पीचं काय सांगू? रुमाल सांगू?"

आठ दिवस झाले, हे डोक्यातून जात नाही. ती बाई दुधखुळी नाही, चार आण्याला किती मिरच्या येतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तिनं चार आणे मोजून काहीतरी घेतलं. ते काय? त्याला पुस्तकात नाव काय? मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, सापडलं नाही.

म्हणून पान एकोणीसच्या समासात आता माझ्या अक्षरात लिहिलं आहे: 'कालिंदीला विचारणे.' एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

आबा

ता. १८ मार्च १९५३

चि. कालिंदी,

परवा पाडवा झाला. पुरणपोळी झाली. माईनं तुझ्या वाटणीची बाजूला काढून ठेवली आणि मग स्वतःच चिडून गाईला घातली.

वहीचं शेवटचं पान. 'एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं. सोडलेल्याचं मोल हीच घेतलेल्याची खरी किंमत.' समासात: 'आबांना विचारणे: तुम्ही काय सोडलंत?'

महिनाभर हा प्रश्न खिशात घेऊन फिरतोय. आधी उत्तर तयार होतं. इंग्रजी चौथीतून वडिलांनी उचलून दुकानात बसवलं, तेव्हा शाळा सोडली. गणितात पहिला यायचो. हे खरं आहे, आणि तुला वाचून वाईटही वाटलं असतं. पण ते लिहायला बसलो की पेन पुढं जाईना.

पाडव्याच्या आदल्या सकाळी सयाजीराव दुकानात आले. सोबत पेढ्यांचा पुडा. हंगाम होता, हमाल होते, पिराजी होता, सहा-सात शेतकरी पानसुपारीला टेकले होते. सयाजीरावांनी नेहमीसारखा रुमाल टाकला आणि हात पुढं केला. "मग अंबादासराव, साखरपुडा कधी?"

मी हात घातला नाही. "तोंडानं बोला, सयाजीराव."

"चेष्टा लावलीया व्हय? ह्या गोष्टी काय वरडून करायच्या असत्यात?"

"चारचौघांत बोलता येत नसतील तर करूच नयेत," मी म्हणालो. "पोरगी नको म्हणाली होती. मला कळलं होतं. मीच न कळल्यासारखं केलं. आज शब्द मी मोडतोय. तिनं नाही मोडला, हे सगळ्यांनी ऐका."

सयाजीरावांनी रुमाल उचलला, चार घड्या घातल्या. आवाज चढवला नाही. "तीस वरसं डोळं झाकून ह्या हातात हात दिला. त्योच हात न्हवं ह्यो?"

"व्हय. त्योच."

ते गेले. पेढे तसेच राहिले. त्यांचा राग खोटा नाही. माणूस वाईट नाही, मुलगाही वाईट नाही, हे तुला सांगितलं पाहिजे. त्यांच्या त्या वाक्यानं मला अजून जेवण गोड लागत नाही. दोन खरेदीदार आमच्या पायरीवरून वळून जातात आता. ज्याचा हात फिरला त्याच्याशी व्यवहार कसा करायचा, असं म्हणतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मग राहिलं काय? तोंड. सगळ्या मालाची बोली तोंडानं लावतो. बाकीचे येतात, गंमत बघायला का होईना.

आता तुझ्या भाद्रपदातल्या प्रश्नाचं उत्तर. भाव हुंड्याचा चालला होता. त्यांनी चार बोटं धरली, म्हणजे चार हजार. मी तीन धरली. बऱ्याच ओढाताणीनंतर तीनवर आले, आणि मला समाधान वाटलं की सौदा छान केला. त्या अर्ध्या तासात तुझा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा तुम्ही काय सोडलंत याचं उत्तर: तुला सोडलं होतं. शब्द धरायचा म्हणून तुला सोडलं, आणि त्याला अब्रू म्हणत बसलो. गुंडूचे शेवटचे सात पेले आणि माझा शब्द, जात एकच. फार उशिरा कळलं. माझं चुकलं, कालिंदी. मला तुझी आठवण येते. सकाळी डबा भरताना माईची भांडी वाजतात तेव्हा जास्त येते.

जेवतेस ना नीट? मामाकडे थंडीचं पांघरूण पुरलं का? हे मी विचारतोय, माई नाही.

वहीतले प्रश्न संपले. आता लिहायला निमित्त उरलं नाही.

आबा

ता. ११ एप्रिल १९५३

चि. कालिंदी,

तुझं कार्ड आलं. टपालवाला पायरी चढला तेव्हा मी बोली लावत होतो. 'सोळा एक वार' म्हणालो आणि पुढचं विसरलो. पिराजीनं दोन वार, तीन वार म्हणून सौदा पुरा केला.

नमस्कार नाही, खुशाली नाही, एकदम कामाचंच. वाचून मला हसू आलं. माझ्यावर गेली आहेस. कार्ड समोर ठेवूनच लिहितो:

'पान पाचचं उत्तर अर्धं आहे. एकट्या आकारामला कोरडी जागा परवडत नसेल, पण दहाजणांना मिळून का परवडू नये? बयाबाईच्या चार आण्यांना आमच्या पुस्तकात नाव नाही. सरांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही, ते विचार करताहेत. आणि आबा, एक बोट म्हणजे किती?'

पहिलं. दहाजणांनी मिळून गोदाम बांधलं तर माझ्या गोदामाचं काय, हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. बयाबाईला तुझी कल्पना सांगितली. ती म्हणाली, "तुमची ल्येक शाणी हाय. कुणावर गेली?" आता ती आकारामच्या मागं लागली आहे. बघू.

दुसरं. सरांना विचार करू दे. मीही करतोय.

तिसरं. आठ वर्षांची होतीस. गादीवर माझ्या मांडीला टेकून बसायचीस, आणि रुमालात हात खुपसून हाच प्रश्न विचारला होतास. मी म्हणालो होतो, पोरींचा हात बाजारात नसतो. हे मात्र मला लख्ख आठवतं. ते उत्तर मी मागं घेतो. नवीन उत्तर हे.

एक बोट धरलं की एक. दोन धरली की दोन. पाची बोटं एकदम मुठीत घेतली की पाच. एक म्हणजे एक रुपया, शंभर की हजार, ते समोरच्या मालावरून दोघांना कळतं. आमच्या दुकानात याचा आता उपयोग नाही. महिनाभर ओरडून माझा घसा बसला आहे आणि माई मला ज्येष्ठमधाचा काढा पाजते आहे. पण तीस वर्षांची विद्या आहे, तुझ्याखेरीज कुणाला देऊ?

खरी गंमत सहाच्या पुढं आहे. तिथं पेरांवर दाबायचं असतं. कुठं हलकं, कुठं घट्ट. आणि समोरचा चढणार की उठून जाणार, हे त्याच्या बोटांवरून ओळखायचं असतं. मी चार वेळा लिहून पाहिलं, जमेना. माईच्या हातावर करून बघितलं, तर गुदगुल्या होतात म्हणून ती हसत सुटली.

हे कागदावर शिकवता येत नाही. त्याला समोर हात लागतो. रुमाल टाकणार नाही.

परीक्षा कधी संपते ते कळव.

आबा